परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या परसातील पूना अंजिराची पावसाळी फळे आंबट निघतात आणि पाने तांबेरा या बुरशीच्या रोगाने गळतात. आता ब्राउन टर्की जातीचे अंजीर लावणार आहोत. ते हरितगृहात ठेवावे का?

उत्तर : पावसाळ्यातील फळे खट्टा बहाराची (बहार म्हणजे फळांचा हंगाम) असल्याने ती आंबटच लागतात, त्यात आपले काही चुकलेले नाही, पुरंदरचे बागायतदारही गोडीसाठी उन्हाळ्यातील मीठा बहाराकडेच पाहतात. ब्राउन टर्की हरितगृहात अवश्य ठेवावे. छपरामुळे पाने कोरडी राहून तांबेरा आटोक्यात येतो, मात्र हवा खेळती हवी. या दोन्ही जातींना परागणाशिवाय फळ धरते, त्यामुळे कीटक आत आले नाहीत तरी बिघडत नाही. छाटताना हातमोजे घालावेत, कारण फांदीतून पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकाने कातडीची आग होते.