पेंचमधल्या एकूण एक सजीवाची यादी करता येईल का?

तुम्ही विचारलंय की वाघांची गणना होते, तशी पेंचमधल्या मुंगी-शेवाळापर्यंत सगळ्या सजीवांची का होत नाही, आणि जगात कुठे झाली आहे का.

पुरी अशी कुठेच झालेली नाही. पण अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे हे काम 1998 पासून नेटाने चालू आहे. उद्यान साधारण 2,100 चौ. किमी., म्हणजे आपल्याकडच्या पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या आठपट. आजवर 22 हजारांच्या वर जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या हजारावर विज्ञानालाच नव्या होत्या. त्याआधी अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी कोस्टा रिकात हीच कल्पना मांडली होती, पण ती योजना त्या रूपात तडीस गेली नाही.

बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर आपण मोजतो ती जनावरं: चितळ किती, अस्वलं किती. इथे मोजायचे असतात प्रकार, आणि ते संपत नाहीत. मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवते, गोरेवाड्याच्या बाजूला राहते. पावसाळ्यात गच्चीवर पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा सोडते आणि येणारे पतंग नोंदवते. तीन पावसाळे झाले, तरी आधी न पाहिलेला पतंग अजून येतोच. एका गच्चीची ही गत, तर जंगलाची काय असेल!

पकडण्याच्या युक्त्या साध्या आहेत. पालापाचोळा गाळणीत घालून वर बल्ब लावायचा. उष्णतेने त्यातले बारीक जीव खाली सरकत जातात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. उडणाऱ्या कीटकांसाठी मॅलेझ सापळा असतो, तंबूसारखा जाळीचा. रेने मॅलेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाच्या लक्षात आलं होतं की तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्यात जाऊन जमतात. त्याने त्या कोपऱ्यालाच बाटली लावली.

घोडं अडतं ते यापुढे. बाटली भरते आठवड्यात, पण तिच्यातल्या एकेका जीवाला नाव लावायला वर्षं लागतात. परजीवी गांधीलमाश्या, कोळी, बुरशी, प्रत्येकाचा जाणकार वेगळा आणि असे जाणकार जगभरात मोजकेच. डीएनएच्या तुकड्यावरून ओळख पटवता येते हे खरं, पण जुळवून बघायला आधी कुणीतरी नीट ओळखलेला नमुना लागतोच. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे यादी रखडण्याचं कारण जंगलाच्या आकारात नाही. वर्गीकरण शिकणारी मुलं आपण तयार करत नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे. माझ्या वर्गातही वाघावर काम करायचं म्हणणारे दहा हात वर होतात, माश्यांसाठी एकही नाही.

वाघ वाचला की बाकीचं आपोआप वाचतं, असंही तुम्ही लिहिलंय. पावसाळा सरताना पेंचच्या रस्त्याने गेलात तर सागाची पानं पाहा. कित्येक झाडांवर नुसती शिरांची जाळी उरलेली असते, एका बारीक पतंगाच्या अळ्यांनी खाल्लेली. त्या अळ्यांवर अंडी घालणाऱ्या माश्या असतात, अळ्या टिपणारे पक्षी असतात. यातलं कोण कमी झालं तर साग जास्त खाल्ला जाईल? आधीची नोंद नसेल तर सांगणार कसं? स्मोकीत 2002 मध्ये हेमलॉक या सूचिपर्णी झाडांवर पूर्व आशियातून आलेला रसशोषक कीटक सापडला आणि झाडं उभ्या उभ्या वाळू लागली. हेमलॉक गेला की त्याच्याबरोबर कोण कोण जाणार, हे आधी यादी केलेली असेल तरच कळतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर राखीव जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही पकडू नका. आपली गच्ची, शेताचा बांध किंवा कॉलेजचं आवार घ्या आणि फोटोंपासून सुरू करा. पुढे कधी परवानगीने नमुने ठेवलेत तर चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. मी पहिल्या वर्षी बॉलपेनने लिहिल्या होत्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळली आणि एका अख्ख्या पावसाळ्याचे नमुने कुठले, कधीचे, काहीच सांगता येईना. चिठ्ठीवर जागा, तारीख, कोणत्या झाडावर सापडला आणि गोळा करणाऱ्याचं नाव एवढं हवंच.