'टेबल' केलं म्हणजे मांडलं की गुंडाळलं?

तुमचा प्रश्न असा, की आपल्या इंग्रजी पेपरात 'कॅगचा अहवाल विधानसभेत टेबल झाला' म्हणजे अहवाल मांडला गेला. मग अमेरिकी पेपरात 'सिनेटने दुरुस्ती टेबल केली' असं छापतात, तेव्हा ती दुरुस्ती बारगळली असं का समजायचं?

इंग्रजी बातम्या मराठीत आणायचं काम मी करतो, त्यामुळे या क्रियापदापाशी मी नेहमी थबकतो. दोन्ही बातम्या बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये कागद सभागृहातल्या टेबलावर ठेवला, की तो सदस्यांपुढे आला. आपली संसदीय रीत तिथलीच, म्हणून आपल्याकडे कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतात. अमेरिकेत मात्र टेबलावर ठेवणं म्हणजे चर्चेतून काढून बाजूला सारणं. सिनेटमध्ये अशा सूचनेवर चर्चा होत नाही, साध्या बहुमताने ती मंजूर होते आणि समोरचा प्रस्ताव तिथेच संपतो. २१ जानेवारी २०२० रोजी ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोगाची बैठक सुरू झाली, तेव्हा साक्षीदार आणि कागदपत्रं मागवण्यासाठी डेमोक्रॅट्सनी आणलेल्या दुरुस्त्या एकामागून एक अशाच निकालात निघाल्या. बहुतेक वेळा ५३ विरुद्ध ४७ मतांनी. याचं मराठी 'दुरुस्ती पटलावर ठेवली' असं झालं, तर वाचकापर्यंत नेमकी उलटी बातमी पोचते.

त्यातही एक पोटभेद आहे. अमेरिकेतल्या संस्था आणि मंडळं सभा चालवताना १८७६ साली पहिल्यांदा छापलेली रॉबर्ट यांची नियमावली वापरतात. तिच्यात 'टेबल करणं' म्हणजे विषय तात्पुरता बाजूला ठेवणं. तो पुन्हा उचलता येतो. तिकडच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या इतिवृत्तात हा शब्द दिसला, तर विषय कायमचा संपला असं धरू नका.

दुसऱ्या महायुद्धात या शब्दाने खरोखरच भांडण लावलं होतं. चर्चिल यांनी आपल्या युद्ध-आठवणींत ते नोंदवलंय. एक टिपण तातडीने चर्चेला यावं म्हणून ब्रिटिश अधिकारी ते 'टेबल' करू म्हणाले; अमेरिकनांना वाटलं, हे टिपण खणात टाकून विसरायला सांगताहेत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं, की दोघांनाही एकच हवं होतं.

गंमत अशी, की अमेरिकेतच 'सगळे पर्याय टेबलावर आहेत' याचा अर्थ सगळे पर्याय खुले आहेत. क्रियापद एकीकडे नेतं, नाम दुसरीकडे.

नामाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, तिथे 'टॅबुला' म्हणजे फळी. फळीवर जेवण मांडलं तर ते आपलं टेबल, अक्षरं कोरली तर पाटी. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मोझेसला मिळालेले 'टेबल्स' दगडी पाट्या आहेत. पाटीवर रकाने पाडले की तक्ता. शाळेत तेच पाढे, रसायनशास्त्रात आवर्तसारणी, आयपीएलच्या बातमीत गुणतक्ता. सपाटपणाचा अर्थ पुढे जमिनीवर गेला, म्हणून पाचगणीचं पठार टेबल लँड झालं आणि दुष्काळाच्या बातमीतलं 'वॉटर टेबल' म्हणजे भूजल पातळी. यांत मला अडचण वाटत नाही, कारण शेजारचा शब्दच अर्थ सांगतो.

क्रियापदाला तो आधार नसतो. म्हणून मी आधी बातमी कुठली आहे ते पाहतो, मग पुढचं वाक्य वाचतो: अहवालावर चर्चा झाली म्हणतात की मतदानाचे आकडे देऊन विषय संपवतात? तरीही शंका उरली, तर त्या सभागृहाचं कामकाज उघडून बघतो. स्वतः इंग्रजीत लिहिताना मात्र मी हे क्रियापद टाळतो. 'सादर केलं' किंवा 'पुढे ढकललं' यासाठी इंग्रजीत सरळ शब्द आहेत, आणि वाचक लंडनचा असो की शिकागोचा, त्याला ते एकाच अर्थाने कळतात.