आमच्या अडत दुकानात कर्णबधिर मुलगा कामाला लागला आहे. त्याच्याशी नीट संवाद कसा साधावा?

आपण लिहिले आहे, की सांगलीच्या मार्केट यार्डातील आपल्या हळदीच्या अडत दुकानात 22 वर्षांचा एक कर्णबधिर मुलगा हिशेबाला लागला आहे. त्याच्याशी मोठ्याने बोलूनही त्याला समजत नाही, लिहून विचारले तर त्याची उत्तरे तुटक येतात, आणि त्याचा अपमान व्हायला नको म्हणून आपण हल्ली त्याच्याशी बोलणेच टाळू लागला आहात. माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. आम्ही सांगलीत राहतो. त्याचे शिक्षण साताऱ्याला निवासी शाळेत झाले. आपण शेवटी लिहिलेली गोष्टच मला सर्वांत काळजीची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कृपा करून बोलणे टाळू नका. कोणी खूण चुकीची केली म्हणून माझा भाऊ दुखावल्याचे मला आठवत नाही, परंतु ‘काही नाही’ आणि ‘नंतर सांगतो’ या दोन उत्तरांनी तो लहानपणापासून किती वेळा दुखावला आहे, याची मोजदाद नाही.

त्यात माझाही वाटा आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांची धोका पातळी ओलांडून गेले होते, ध्वनिक्षेपक लावलेली गाडी गल्लीतून सूचना देत फिरत होती, आणि भाऊ माडीच्या खिडकीत उभा राहून शेजारीपाजारी गाद्या, पेट्या, गॅसच्या टाक्या घेऊन निघालेले पाहत होता. त्याने खाली येऊन घरातल्या एकेकाला हातानेच ‘काय झाले?’ असे विचारले, आणि प्रत्येकाने तळहात दाखवून त्याला थांबायला सांगितले. मी आईची औषधे गोळा करत होते. मीही तेच केले. तेव्हा त्याने मोबाइलवर काही लिहून तो माझ्या डोळ्यांसमोर धरला: ‘पाणी किती? सांग. मी पण घर.’ सांगायला मला अर्धे मिनिटही लागले नसते.

आता मोठ्याने बोलण्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीतील ऐकण्याची क्षमता 70 डेसिबल किंवा त्याहून अधिक घटलेली असेल, तर ती व्यक्ती बधिर मानली जाते. आपले नेहमीचे बोलणे साधारण 60 डेसिबलच्या आसपास असते. कानातले यंत्र आवाज वाढवते, परंतु आपल्या शब्दांबरोबर ट्रकची घरघर आणि हमालांचा गलकाही वाढवते. शिवाय ओरडताना तोंड वेडेवाकडे पसरते, त्यामुळे ओठांवरून जे थोडेफार कळले असते, तेही कळेनासे होते.

ओठ वाचून सारे समजते, हा समजही बरोबर नाही. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. एकेका वर्गातील अक्षरांत फरक असतो तो घोषाचा म्हणजे गळ्यातील कंपनाचा, श्वासाच्या जोराचा आणि नाकातून सोडलेल्या हवेचा, आणि यांपैकी काहीही ओठांवर दिसत नाही. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतील. ‘क’ वर्ग तर घशाशीच उच्चारला जातो, तो समोरच्याला दिसायचा कसा? ‘सात’ आणि ‘साठ’ ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे पोत्यांची संख्या आणि दर कधीही केवळ तोंडी सांगू नका, आकडा लिहून दाखवा. ज्याचे ओठ वाचायचे, त्याच्या तोंडात तंबाखूचा बार असेल, मिशा ओठांवर आल्या असतील, किंवा तो दुकानाच्या उघड्या दाराकडे पाठ करून उभा असेल आणि चेहऱ्यावर अंधार पडला असेल, तर वाचणाऱ्याचे कष्ट वाया जातात. एकदा सांगून कळले नाही, तर तेच शब्द पुन्हा म्हणण्यापेक्षा वाक्य बदलून सांगावे. एखादा तरी शब्द ओळखू येतो आणि त्याला धरून बाकीचे लागते.

त्याच्या तुटक लिहिण्यावरून त्याची समज मोजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जो मुलगा खुणांच्या भाषेत वाढला, त्याच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा असते, आणि तीही कधी कानांवर न पडता पुस्तकातून शिकलेली. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय नाहीत आणि प्रश्नार्थक शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘घरात’ऐवजी ‘घर’ लिहिणाऱ्या माझ्या भावाचा हिशेब कधी एका रुपयाने चुकलेला मी पाहिलेला नाही. आपण लिहिताना वाक्ये छोटी ठेवावीत, पण मजकूर कमी करू नये. व्यापाऱ्याशी पाच मिनिटे चाललेल्या बोलण्यानंतर ‘हो म्हणाला’ एवढेच त्याला सांगणे पुरेसे नाही.

हाक मारण्यासाठी समोरून हात हलवावा, खांद्यावर हलकेच हात ठेवावा किंवा टेबलावर थाप द्यावी; काही फेकून मात्र मारू नये, खडूचा तुकडासुद्धा नाही. गिऱ्हाईक त्याच्यादेखत आपल्याला ‘याला विचारा’ म्हणेल, तेव्हा त्यालाच विचारायला लावा. ‘मुका’ हा शब्द दुकानात कोणाच्याही तोंडी राहू देऊ नका. त्याला आवाज आहे.

आणि त्याच्याकडून खुणा शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेला 10,000 शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपात मोबाइलवर पाहता येतो, परंतु यार्डातले सगळे शब्द कोणत्याही कोशात मिळणार नाहीत. पोते, काटा, सौदा, कालची बाकी यांसाठी तो कोणती खूण करतो, हे त्यालाच विचारून सगळ्या कामगारांना शिकवा. रोज दोन खुणा पुरेत. कर्णबधिर मंडळी ओळखीच्या माणसाला खुणेचे एक नावही देतात, बहुधा त्याच्या दिसण्यावरून किंवा लकबीवरून. माझे नाव म्हणजे हनुवटीवरच्या तिळाला लावलेले बोट. आपले नाव त्याने एव्हाना ठेवलेले असेल. कोणते, ते उद्या सकाळी दुकान उघडल्यावर त्याला विचारा.