साठीनंतर वाचायला शिकता येते का?

प्रश्न : माझ्या सासूबाई साठीच्या पुढं आहेत, शाळेत कधी गेल्याच नाहीत, सारा जन्म वावरात गेला. आता नात तिसरीत आहे तर तिच्यासंगं पाटी घेऊन बसतात, म्हणतात मले एसटीचा बोर्ड न बँकेचं पासबुक स्वतः वाचता आलं पाहिजे. पण आज शिकवलेलं उद्या विसरतात न मग चिडतात. घरचे म्हणतात काहून म्हातारीले तरास देऊन राहिली. खरंच या वयात डोक्यात जाते का? न नातीनं शिकवलं तर चालते का?
– एक सूनबाई, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, जाते. हळू जाते एवढंच, आणि हळू जाणं म्हणजे न जाणं नाही हे आधी घरच्यांना सांगा. नवीन गोष्ट पकडायचा वेग तर तरुणपणातच उतरायला लागतो, पण बाकीची समज टिकून राहते. अमेरिकेत सिएटलला वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून दर सात वर्षांनी लोकांची बुद्धी तपासली, तर साठीच्या आधी ठळक घसरण क्वचितच दिसली, न पुढंही सगळ्यांची सारखी नाही.

वाचनाचं म्हणाल तर लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर लोकांना, त्यात बहुतेक बायाच, सहा महिने देवनागरी शिकवली न आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले, २०१७ मधे ते छापून आलं. मेंदूत पार खोलवर, थॅलॅमस न मेंदूच्या देठापर्यंत बदल दिसले. त्या तिशीच्या आसपासच्या होत्या हे खरं. पण टेक्सासमधे डेनिस पार्क यांनी साठीच्या पुढच्या लोकांना तीन महिने गोधडी शिवणं, डिजिटल फोटो काढणं असं पहिल्यांदाच शिकवलं तर नुसत्या गप्पा-सहली करणाऱ्यांपेक्षा यांची आठवण जास्त सुधारली.

विसरण्याचा दोष तर वयावर टाकूच नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मधे मांडलं, पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसातच उडते, न तेव्हा तो काही म्हातारा नव्हता. म्हणून एकदाच तासभर बसवू नका, रोज थोडं थोडं, न नवीन शब्दाआधी कालचा विचारायचा, मग दोन दिवस सोडून परत तोच.

आणि त्याच्याही आधी डोळे तपासून घ्या! जवळचा चष्मा नाही, मोतीबिंदू पिकत आलाय, न आपण म्हणतो डोक्यात जात नाही, हे मला फार खटकते.

सुरुवात अ-आ-इ पासून कशाला, त्यांना एसटीचा बोर्ड वाचायचाय न, मग तोच घ्या. यवतमाळ स्टँडवर घाटंजीची गाडी लागते न धामणगावचीही. घ न ध शेजारी मोठे काढा, घ वरून पूर्ण बंद असतो, ध ची डोक्यावरची रेघ डावीकडं तुटते न तिथं गाठ असते, हे बोटानं गिरवून घ्या. म न भ चंही तसंच करा. मग स्वतःचं नाव, गावाचं नाव, न पासबुकातले जमा, नावे, शिल्लक हे तीन शब्द. आकडे बहुतेक त्यांना ओळखता येतच असतील, बाजारहाट करतात म्हटल्यावर.

नातीनं शिकवलं तर चालते का? चालते, मस्त चालते, तिचंही वाचन पक्कं होते. फक्त आजी अडली की लगेच उत्तर सांगायचं नाही, थोडं थांबायचं. आठवायला जोर लावला की तेच जास्त टिकते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि शाळेत मास्तरांना उल्लासबद्दल विचारा, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठीच केंद्राची योजना आहे, परीक्षा होते न पास झालं की सर्टिफिकेटही मिळते.