चौकटीतून पडद्यावर: वाचकांचे प्रश्न

कॉमिकवरून होणाऱ्या सिनेमांबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

कॉमिकमधली चित्रं जशीच्या तशी उचललेले सिनेमे पाहिले. काही अंगावर येतात, काही पुस्तकाशी इतके इमान राखूनही कंटाळवाणे होतात. असं का? (एक वाचक, मालवण)

कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो, सिनेमात दिग्दर्शकाच्या. एका चौकटीत कोळी जाळं उचलतो, पुढच्या चौकटीत जाळं पाण्यात पडलेलं असतं. जाळं फेकण्याची क्रिया कुणीच काढलेली नाही. ती दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक स्वतः पूर्ण करतो, हवी तितकी सावकाश. पडद्यावर सेकंदाला 24 चित्रं सरकतात, तिथे ती क्रिया दाखवावीच लागते. फक्त चौकटींची नक्कल केली की नट एका पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात जाताना दिसतो आणि मधला जिवंत भाग निसटतो.

‘वॉचमेन’ हे 1986-87 मध्ये 12 अंकांत आलेलं कॉमिक घ्या. त्याच्या पाचव्या अंकात पानांची मांडणी मधल्या पानापासून दोन्ही बाजूंना आरशासारखी आहे: पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी. वाचक मागे जाऊन ताडून पाहतो, त्यातच त्याची गंमत. 2009च्या सिनेमाने अनेक चौकटी हुबेहूब उभ्या केल्या, पण थिएटरात बसलेल्या माणसाला पान उलटता येत नाही. त्या अंकाचा आत्मा पडद्यावर येणं शक्यच नव्हतं.

उलट ‘सिन सिटी’ (2005) नक्कल करूनही उभा राहिला. मूळ कॉमिकचा कर्ता फ्रँक मिलर स्वतः रॉबर्ट रॉड्रिगेझच्या जोडीने दिग्दर्शनात होता आणि बहुतेक चित्रीकरण हिरव्या पडद्यासमोर (मागचं दृश्य नंतर संगणकावर घालण्यासाठी) झालं. पण खरं कारण वेगळं आहे. मूळ चित्रांत पार्श्वभूमी थोडी आणि काळी शाई भरपूर, शिवाय पात्राचं मनातलं बोलणं सतत चालू. ते बोलणं आवाजाच्या रूपाने पडद्यावर आलं आणि त्याने चित्रांमधला वेळ भरून काढला.

आम्हाला सगळ्यांत जास्त शिकवणारा सिनेमा मात्र 2018चा ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ वाटतो. त्यात नवशिका स्पायडर-मॅन माइल्स पुष्कळदा सेकंदाला 12 मुद्रांवर (वेगवेगळ्या चित्रांवर) चालतो, तर त्याच दृश्यातला अनुभवी स्पायडर-मॅन पीटर 24वर. त्यामुळे माइल्सचं अडखळणं संवादाशिवाय कळतं. दूरची वस्तू नेहमीसारखी धूसर न करता, छपाईत रंगाचे ठसे सरकावेत तशी ती दाखवली आहे. इथे चौकटींची नक्कल नाही. छापील कागदाचे गुण सिनेमाच्या भाषेत आणले आहेत.

कॉलेजच्या गटाने 16 पानांची चित्रकथा काढली आहे. तिच्यावरून मोबाइलवर लघुपट करायचा आहे. बरंचसं चित्रीकरण किनाऱ्यावर आहे. सुरुवात कुठून करावी? (देवगड)

आधी प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या. पानाला सहा धरल्या तर 96 होतील. प्रत्येकीसमोर एका ओळीत लिहा: इथे नवीन काय घडतं? जिथे उत्तर सापडत नाही ती चौकट शेजारच्या शॉटमध्ये मिळवा. साठ शॉट उरले आणि प्रत्येक सरासरी पाच सेकंदांचा असला, तर लघुपट पाच मिनिटांचा होईल.

मग संवादांचे सगळे फुगे घड्याळ लावून मोठ्याने वाचा. 25 शब्दांचा फुगा डोळ्याखालून झटकन जातो, पण नटाला तो बोलायला दहा-बारा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ समोरच्या पात्राने करायचं काय, हा प्रश्न उरतो. चित्रात दिसतंय ते संवादातून काढून टाका. ‘अरे, होडी बुडतेय!’ हे कागदावर लागतं, पडद्यावर नाही.

उंच, उभ्या चौकटी आडव्या पडद्यात मावत नाहीत. माडावर चढणारा माणूस काढला असेल तर कॅमेरा बुंध्यापासून झावळ्यांपर्यंत वर न्या. मोबाइल उभा धरून दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडू नका.

शाईसारख्या गडद सावल्या हव्या असतील तर दुपार टाळा. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि वाळूवरून उडणारा उजेड बाकी चेहरा सपाट करतो. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ऊन बाजूने घ्या, दुसऱ्या बाजूला काळी चादर धरा आणि मोबाइलचं एक्स्पोजर (चित्र किती उजळ येईल ते) कमी करून लॉक करा. लॉक केलं नाही तर ढग आला की मोबाइल आपोआप उजेड वाढवतो आणि सावली जाते.

खरी फसगत भरती-ओहोटीत होते. एकच प्रसंग तीन तास चालला तर पाणी कुठच्या कुठे जातं आणि संकलनात शॉट जुळत नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच पातळी साधारण 50 मिनिटं उशिरा येते, पण तोवर ऊन बदललेलं असतं. म्हणून पाणी दिसणारे शॉट सलग उरका, आणि शक्य तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असणाऱ्या दिवसांत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची चढ-उतार फार मोठी असते. वाऱ्यात मोबाइलचा माइक नुसता घरघरतो, तेव्हा संवाद खोलीत रजया टांगून पुन्हा रेकॉर्ड करा आणि लाटांचा आवाज किनाऱ्यावर दोन मिनिटं वेगळा घ्या. मिठाचा थर लेन्सवर बसला की कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडतात. आधी फडकं गोड्या पाण्यात किंचित ओलं करून पुसा.

वर्तमानपत्रातल्या तीन-चार चौकटींच्या रोजच्या कॉमिक-पट्टीवर दोन तासांचा सिनेमा होतो तरी कसा? (रत्नागिरी)

पट्ट्या एकापुढे एक जोडून होत नाही. प्रत्येक पट्टी शेवटच्या चौकटीत संपते, प्रेक्षक दर मिनिटाला नव्याने सुरुवात करून थकतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 पासून वर्तमानपत्रात येत होता. 2012 मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर सिनेमा केला तेव्हा मुलांच्या मैदानावर येणाऱ्या संकटाची सलग कथा घेतली. पात्रांचे स्वभाव पट्टीतले, गोष्ट नवी. हाच मार्ग बरोबर आहे.

पिंगुळीची चित्रकथी कॉमिकच्या जवळची की सिनेमाच्या? शाळेसाठी तिचं चित्रीकरण करायचं आहे. (कुडाळ)

चित्रकथीत कलाकार एकेक चित्र दाखवत गाऊन गोष्ट सांगतो. चित्रं पोथीतल्या सुट्या कागदांवर असतात, म्हणून ती कॉमिकसारखी वाटते. पण कागद कधी बदलायचा हे गाणारा कलाकार ठरवतो, पाहणारा नाही. वेळेच्या हिशेबाने ती सिनेमाच्या जवळ आहे. म्हणून तुमचं संकलन त्या कलाकाराच्या मागे चालू द्या. एक कॅमेरा तिवईवर, कागदाच्या चारही कडा दिसतील असा, आणि तो कागद बदलेपर्यंत कट नको. दुसरा कॅमेरा हात आणि चेहरा यांच्यावर ठेवा, त्याचे शॉट कडवं संपल्यावरच वापरा. चित्राच्या आत झूम करून पात्रं हलवण्याचा मोह टाळा: कलाकार अजून युद्धाची तयारी गात असतो आणि तुमचा कॅमेरा बाणापर्यंत जाऊन पोचतो. फ्लॅश आणि प्रखर दिवे जुन्या कागदांपासून दूर ठेवा, आणि चित्रीकरण कुठे दाखवणार हे सांगून कलाकारांची लेखी परवानगी आधी घ्या.