वाचकांचे प्रश्न : उपासनेनंतरच्या वाचनासाठी

प्रश्न : जालन्यातील आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर दहा-बारा जण एकत्र वाचन करतात. भक्तिपर पुस्तिका बऱ्याच झाल्या. आता विचार करायला लावणारे मराठीतले काय वाचावे?

उत्तर : आधी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा घ्यावी. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. परंतु ज्या माहेरी सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, तिथल्या या लेकीने, जातिभेद माणसाने केले आहेत, देवाने नव्हे, हे मनोमन पटल्यावर, काही वर्षांनी स्वतःहून तीच वाट धरली. या भागाला निदान दोन रविवार द्यावेत; घाई करू नये.

त्यानंतर फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ सालचे ‘ख्रिस्तपुराण’ आळीपाळीने मोठ्याने वाचावे. भाषा जुनी आहे, पण रचना ओवीबद्ध आहे, आणि एकनाथांच्या ओव्यांवर कान घडलेल्या आपल्या मराठवाड्याला ती परकी वाटणार नाही, असे मला मनापासून वाटते.

सोबतीला २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ असू द्यावे.