पुण्यात लहान क्लिनिक असलेल्या फिजिओथेरपिस्टने पल्मनरी रिहॅब शिकण्यासाठी कोणता कोर्स करावा?

तुम्ही लिहिलंय की बीपीटी होऊन तीन वर्षं झाली, सिंहगड रोडला क्लिनिक आहे, छातीचे डॉक्टर सीओपीडीचे (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे) पेशंट पल्मनरी रिहॅबसाठी, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटच्या व्यायामोपचारासाठी, पाठवू लागलेत, हॉल जेमतेम १२ मीटर, ट्रेडमिल नाही आणि ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती बघून काही ठरत नाही.

फी भरण्याआधी आयोजकांना एवढंच विचारा: चालण्याची चाचणी खऱ्या पेशंटवर माझ्या हातून किती वेळा करून घ्याल, आणि त्या आकड्यातून व्यायामाचा डोस काढायला शिकवाल का? उत्तर नुसतं ‘लेक्चर आहे’ असं आलं तर तो कोर्स सोडा. दम्याचे आणि सीओपीडीचे प्रकार पुस्तकातून वाचता येतात. रिहॅब फसतं ते डोस चुकल्यामुळे.

पेशंट सहा मिनिटांत किती अंतर चालतो हे बघणाऱ्या चाचणीला ३० मीटरचा सरळ पट्टा लागतो. १२ मीटरवर वळणं वाढतात, अंतर कमी भरतं, म्हणून तो आकडा छापील तक्त्यांशी ताडून बघू नका. इमारतीचा पॅसेज मिळाला तर उत्तम, नाहीतर शटल वॉक शिका. दोन शंकू एकमेकांपासून ९ मीटरवर, एक फेरी १० मीटरची, आणि वेग दर मिनिटाला वाढवणारे बीप. बीप अधिकृत रेकॉर्डिंगचेच हवेत. मात्र ही चाचणी पेशंटला त्याच्या मर्यादेपर्यंत नेते, त्यामुळे हृदयाबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

सहा मिनिटांच्या चाचणीत चुका ठरलेल्या असतात. आपण पेशंटच्या शेजारून चाललो की तो आपल्या वेगाने चालतो. अर्धं पाऊल मागे राहा. ‘चला, अजून थोडं!’ असा मनाला येईल तसा धीर दिला तर तेवढ्यानेही अंतर बदलतं; सहा मिनिटांच्या चाचणीत दर मिनिटाला म्हणायचं ठराविक वाक्य मराठीत कार्डावर लिहून तेच म्हणा. पेशंट थांबला तरी घड्याळ थांबवायचं नाही. ऑक्सिजनची शेवटची नव्हे, सगळ्यात खालची नोंद लिहायची. ती ८० टक्क्यांखाली गेली तर चाचणी बंद. बोटावर नेलपॉलिश असेल किंवा हात गार असतील तर ऑक्सिमीटर फसवतो. पहिल्या वेळी पेशंट चाचणीच शिकत असतो, म्हणून किमान अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा घ्या आणि मोठा आकडा धरा. आठ आठवड्यांनी पुन्हा घ्याल तेव्हा पट्टा तोच, वेळ तीच आणि पायातलं पायताणही तेच असू द्या. आधी चप्पल आणि नंतर बूट असतील, तर वाढलेले ३० मीटर कुणाचे ते कळणार नाही. आणि ३० मीटर म्हणजे साधारण तेवढाच फरक, जो पेशंटला स्वतःला जाणवतो.

आता डोस. समजा पेशंट तुमच्याच १२ मीटरच्या हॉलमध्ये सहा मिनिटांत २७६ मीटर चालला. मिनिटाला ४६ मीटर. त्याचे ८० टक्के म्हणजे सुमारे ३७. दहा मिनिटांसाठी ३७० मीटर, म्हणजे तुमच्या हॉलच्या साधारण ३१ लांब्या. व्यायाम त्याच हॉलमध्ये होणार, त्यामुळे इथे आखूड पट्ट्याने काही बिघडत नाही. सलग जमत नसेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट बसणं. दम दहापैकी ४ ते ६ असावा, पण ‘धाप किती?’ आणि ‘पाय किती भरून आले?’ हे वेगवेगळं विचारा. बरेच पेशंट दोन्हीला ‘दमलो’ असंच म्हणतात. व्यायाम चालू असताना ऑक्सिजन ८८ च्या खाली राहू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेला सॅल्ब्युटॅमॉलचा पंप पंधरा मिनिटं आधी घेतलेला असावा. धाप ३ वर उतरली की डोस वाढवा. पहिल्या दिवशीचाच डोस शेवटपर्यंत चालवला तर ते फक्त फिरणं झालं. आठवड्यातून दोनतीन वेळा, सहा ते आठ आठवडे, एवढं किमान हवंच.

स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून हवा मोजायची चाचणी, तुम्ही करणार नसाल तरी आलेख वाचायला शिका. पेशंटने दोन सेकंदांत फुंकणं सोडलं की एकूण हवा कमी मोजली जाते, पहिल्या सेकंदातल्या हवेचं एकूण हवेशी असलेलं गुणोत्तर फुगतं आणि अडथळा असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसतो. सीओपीडी म्हणायला श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधानंतरचं गुणोत्तर ०.७० च्या खाली लागतं.

इतिहास घेताना फक्त बिडी-सिगारेट विचारून थांबू नका. धूम्रपान न करणाऱ्यांतला सीओपीडी हा पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांच्या संशोधनाचा मोठा विषय आहे. मुळशी-वेल्ह्याकडून येणाऱ्या बाईला चुलीपुढे किती वर्षं गेली ते विचारा. तिच्यासाठी हातांचा व्यायामही घ्या, कारण हंडा उचलताना खांद्याचे स्नायू श्वासाला मदत करायचे सोडून ओझ्यात गुंततात आणि ती पटकन धापते. एकेक लिटरच्या भरलेल्या बाटल्या पुरतात. उचलताना श्वास सोडायचा. जुना टीबी असेल तर गटात घेण्याआधी तो पुन्हा उठलेला नाही ना, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. रोटाहेलरमधून श्वासावाटे ओढायची कॅप्सूल गिळणारेही भेटतात, तेव्हा ‘औषध घेता का?’ असं न विचारता समोर घेऊन दाखवायला सांगा.

कोर्सबद्दल मिळणाऱ्या क्रेडिटचं म्हणाल तर डॉक्टरांचे प्रशिक्षणाचे तास महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल धरते. तुमची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलकडे, म्हणून जाहिरातीतले क्रेडिट कुणाचे हे फीआधी लेखी विचारा. लंग फाउंडेशन ऑस्ट्रेलियाचं पल्मनरी रिहॅबिलिटेशन टूलकिट ऑनलाइन आहे, ते आधी वाचून काढा. आणि या आठवड्यात क्लिनिकमधल्याच कुणा सहकाऱ्यावर, घड्याळ आणि कार्ड हातात धरून, पाच-सहा चाचण्या घेऊन बघा.